चेहऱ्याचं हाड मोडलंय: तार बांधायची, प्लेट टाकायची की थांबायचं?

सीटी स्कॅनची फिल्म घेऊन नातेवाईक येतात तेव्हा प्रश्न साधारण एकच असतो: "डॉक्टर, ऑपरेशन टाळता येईल का? तार बांधून भागेल का?" चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया हे माझं रोजचं काम. घोडबंदर रोड असो, ठाणे-बेलापूर रस्ता असो की सायन-पनवेल महामार्ग, बाइक घसरली आणि डोक्यावर हनुवटी उघडी ठेवणारं अर्धंच हेल्मेट असलं, की हा प्रश्न एखाद्या घरापुढे उभा राहतो. फिल्मवर किती भेगा दिसतात यावरून त्याचं उत्तर ठरत नाही. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का आणि डोळा नीट काम करतो का, यावरून ठरतं.

काही अवस्थांमध्ये मात्र पर्याय तोलत बसायचं नसतं. श्वासाला अडथळा किंवा न थांबणारा रक्तस्राव हे तर उघडच आहे. डोळा बाहेर येऊन टणक झाला आणि नजर मंदावत चालली, तर आत साकळलेल्या रक्ताचा दाब डोळ्याच्या कोपऱ्यात छेद देऊन तातडीने उतरवावा लागतो. तिथे मिनिटं मोजायची असतात. नाकातून पाण्यासारखे पातळ, खारट थेंब येत असतील तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. अशा रुग्णाने नाक शिंकरू नये आणि त्याच्या नाकातून नळीही घालू नये. नाकाच्या पडद्यावर रक्त साकळलं असेल तर ते त्याच दिवशी काढायला हवं, नाहीतर आतली कूर्चा मरून नाक बसतं. आणि चेहऱ्याला जोराचा मार लागला असेल, तर मानेचा मणका ठीक आहे हे तपासल्याशिवाय मान हलवायची नाही.

ओपीजी की सीटी?

ओपीजी म्हणजे दात आणि जबड्यांचा रुंद एक्स-रे. तो स्वस्त असतो, किरणं कमी लागतात आणि अख्खा खालचा जबडा एका फिल्मवर येतो. अडचण अशी की रुग्णाला ताठ उभं राहावं किंवा बसावं लागतं, आणि समोरच्या भागावर मणक्याची सावली पडून नेमकी हनुवटीची भेग लपते. कानापुढच्या सांध्याचं टोक आत किती वळलंय, हेही त्यात कळत नाही. खालच्या जबड्याची एकाच जागची साधी मोड असेल तर ओपीजी आणि सोबत समोरून काढलेला एक्स-रे पुरतो. गाल, डोळ्याची खोबण, वरचा जबडा किंवा एकापेक्षा जास्त हाडं असतील तर सीटीच. कापांची जाडी १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी हवी आणि तिन्ही दिशांचे काप हवेत. मेंदूच्या सीटीसाठी रुग्णाला आत नेतात तेव्हाच चेहऱ्याचा सीटी करून घेता आला तर दुसरी फेरी वाचते. हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

थ्रीडी चित्र बघून घरचे लोक हादरतात. हाड कुठे सरकलं हे समजावायला ते उत्तम आहे. पण डोळ्याखालचं हाड कागदासारखं पातळ असतं आणि थ्रीडीत शाबूत हाडालाही भोक पडल्यासारखं दिसतं. डोळ्याचा निर्णय समोरून घेतलेल्या कोरोनल कापांवरच करायचा. डेंटल सेंटरमधला सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्यासाठीचा छोटा सीटी, जबड्याला चालतो. त्यात स्नायू आणि मऊ भाग नीट दिसत नाही, म्हणून डोळ्याच्या खोबणीसाठी तो नको.

एक तपासणी बिनखर्चाची आहे. घसा बघायची लाकडी चपटी पट्टी मी रुग्णाला एका बाजूच्या दाढांत घट्ट धरायला सांगते आणि पिळते. मग दुसऱ्या बाजूला तेच. पट्टी कडकन मोडली तर खालचा जबडा शाबूत असण्याची शक्यता खूप मोठी. त्याआधीच दुखून त्याचं तोंड उघडलं तर स्कॅन हवाच. हनुवटीला टाके घालून घरी पाठवलेला मुलगा काही दिवसांनी येतो आणि म्हणतो, "पुढच्या दातांनी चपाती तुटत नाही." हनुवटीवर पडलं की आघात वर जातो आणि दोन्ही कानांपुढचे सांधे मोडू शकतात. जखम हनुवटीवर असते, म्हणून कानाकडे कुणी बघत नाही. खालचा जबडा एका ठिकाणी मोडलेला दिसला की दुसरी मोड शोधायचीच.

तार की प्लेट?

तारेमागचा विचार साधा आहे. दातांना धातूच्या पट्ट्या बांधायच्या, दात पूर्वीसारखे बसवायचे आणि वरचा-खालचा जबडा एकमेकांना जखडायचा. दात जुळले की हाडही जुळतं. बऱ्याचदा जागेवरच्या भुलेत काम होतं, खर्च कमी येतो आणि बाहेर व्रण राहत नाही. पण मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४ ते ६ आठवडे बंद राहतं. ताक, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, मिक्सरमधून काढलेली खिचडी यांवर दिवस काढावे लागतात. वजन उतरतं, दात घासणं अवघड होतं, फोनवर बोललेलं समोरच्याला कळत नाही. उलटी झाली तर जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून तार कापायची कात्री उशाशी हवी आणि ती कुठे कशी चालवायची हे घरातल्या एकाला तरी शिकवलेलं हवं. ज्यांना फिट येतात, दम्याचा जोराचा त्रास आहे किंवा दारू सुटत नाही, त्यांचं तोंड मी बांधत नाही. कवळी वापरणाऱ्या आजोबांच्या तोंडात बांधायला दातच नसतात, तिथे वेगळाच विचार करावा लागतो.

प्लेट म्हणजे हाडाचे तुकडे स्क्रूने जोडून धरणारी धातूची पट्टी, आज बहुधा टायटॅनियमची. अशा छोट्या प्लेटांची पद्धत १९७० च्या दशकात मिशेले आणि शाम्पी या फ्रेंच सर्जननी रुजवली. कुठल्या रेषेवर प्लेट लावली तर चावण्याचा ताण ती पेलेल, हे शाम्पींनी नेमकं दाखवून दिलं. छेद बहुतेक वेळा तोंडाच्या आतून घेता येतो. काही दिवसांत रुग्ण तोंड उघडतो, मऊ भात खातो आणि सांधा आखडत नाही. त्याबदल्यात पूर्ण भूल लागते, खर्च वाढतो, खालचा ओठ काही महिने किंवा क्वचित कायमचा बधिर राहू शकतो, आणि जंतुसंसर्ग झाला तर प्लेट काढावी लागते. तंबाखू-गुटखा चालूच ठेवला तर हा धोका वाढतो. ऑपरेशनच्या पानावर सही करण्याआधी पुडी बंद झाली पाहिजे, हे मी रुग्णाच्या बायकोसमोर सांगते. प्लेट टाकली तरी टेबलावर आधी दात जुळवून बांधावेच लागतात, आणि पुढे काही दिवस वरच्या-खालच्या दातांना जोडणारे रबर लागू शकतात. ते बघून "मग प्लेट कशाला टाकली?" असं वाटून घेऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. हाड सरकलेलं असेल, दोन जागी मोडलेलं असेल आणि माणूस हातावर पोट असलेला असेल, तर प्लेट. दीड महिना तोंड बांधून रिक्षा चालवणं किंवा दुकान सांभाळणं जमत नाही. ऑपरेशनात वाचवलेले पैसे बुडालेल्या कमाईत जातात. हाड जागेवर असेल आणि दात नीट बसत असतील, तर तार, किंवा नुसता मऊ आहार आणि दर आठवड्याला तपासणीही पुरते. कानापुढच्या सांध्याच्या मोडीबाबत सर्जनांमध्येही एकमत नाही. लहान मुलांत तिथे सहसा चाकू लावत नाहीत. थोडेच दिवस बांधून, लगेच तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करतात, नाहीतर सांधा जाम होऊन जबड्याची वाढ खुंटू शकते. मुलांच्या इतर मोडींत विरघळणाऱ्या प्लेटांचा विचार होतो. त्या महाग असतात आणि टायटॅनियमइतक्या भक्कम नसतात. मोठ्या माणसात टायटॅनियम त्रास देत नसेल तर काढायची गरज नाही.

गाल आणि डोळा

इथे थांबणं हाही खरा पर्याय आहे. गालाचं हाड सरकलेलं नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल आणि एकाचे दोन दिसत नसतील, तर ऑपरेशन नको. गाल बसला असेल, तोंड अडकत असेल किंवा डोळा आत गेला असेल, तर सूज उतरेपर्यंत ५ ते १० दिवस थांबून करावं. त्यापलीकडे फार लांबवू नये, कारण २ ते ३ आठवड्यांनंतर हाड चुकीच्या जागी जुळायला लागतं आणि मग ते पुन्हा कापून बसवावं लागतं. "सूज उतरली, आता बरं आहे" म्हणून गावी निघून गेलेल्या माणसाचं नुकसान इथेच होतं.

याला महत्त्वाचा अपवाद लहान मुलांचा. खेळताना डोळ्याला मार लागला, डोळा बाहेरून जवळजवळ पांढराशुभ्र आहे, पण मूल वर बघू शकत नाही, मळमळतं, उलट्या होतात आणि नाडी मंद आहे. डोक्याला मार लागला असं समजून त्याला नुसतं देखरेखीखाली ठेवतात. प्रत्यक्षात डोळ्याचा स्नायू मोडलेल्या हाडाच्या फटीत अडकलेला असतो. १-२ दिवसांत तो सोडवला नाही तर एकाचे दोन दिसणं कायमचं राहू शकतं.

सगळाच चेहरा मोडला असेल तर

वरच्या जबड्याच्या मोडीचे तीन स्तर फ्रेंच सर्जन रेने ल फोर यांनी १९०१ मध्ये मांडले. आजही रिपोर्टवर त्यांचंच नाव लिहिलेलं दिसेल. अशा रुग्णात नाक मोडलेलं असल्याने भुलेची नळी नाकातून घालता येत नाही आणि दात जुळवायचे असल्याने तोंडातूनही अडचण होते. मग गळ्याला छिद्र पाडायचं, की हनुवटीखालून नळी बाहेर काढायची? बरेच दिवस व्हेंटिलेटर लागणार असेल तर गळ्याचं छिद्र बरं. तसं नसेल तर मी हनुवटीखालचा मार्ग निवडते, कारण व्रण लहान राहतो आणि झाकला जातो.

कुठे जायचं?

एकाच जागची जबड्याची मोड असेल तर चांगला मॅक्झिलोफेशियल (चेहरा-जबड्याचा) सर्जन येत असलेलं जवळचं हॉस्पिटल पुरेसं आहे. डोळा, मेंदू आणि जबडा एकत्र असेल तर न्यूरोसर्जन, नेत्रतज्ज्ञ आणि आयसीयू एकाच छताखाली हवेत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे. नेरुळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम इथे मोठ्या हॉस्पिटलला लागूनच दंत महाविद्यालयही आहे. खर्च अगदीच झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, मात्र तिथे नंबर लागायला वेळ जाऊ शकतो. सर्जन प्लास्टिकचा, ईएनटीचा की मॅक्झिलोफेशियल, यापेक्षा तो अशा केसेस नियमित करतो का आणि दातांची जुळणी कोण बघणार, हे विचारा.

पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन त्यात कुठे बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. रस्ता अपघात असेल तर केंद्राच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत, नोंदणीकृत हॉस्पिटलमध्ये, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. सूज उतरायची वाट बघताना हे ७ दिवस निघून जाऊ शकतात, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना ही मुदत सर्जनच्या कानावर घाला. एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद पहिल्याच हॉस्पिटलमध्ये झाली आहे ना, हेही बघा. विम्याच्या दाव्यात ती हमखास मागतात.