बत्तीस बोरचं स्वस्त हत्यार : रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

शस्त्र परवाना हातात पडला की माणूस विचारतो, "कमीत कमी किती रुपयांत काम भागेल?" विचारणारा सोलापूरच्या नवी पेठेतला कापडवाला असो, रोज संध्याकाळी गल्ला घेऊन घरी जाणारा सराफ असो, नाहीतर सांगोल्याचा डाळिंबाचा व्यापारी, प्रश्न बदलत नाही. तो रास्तही आहे. पण तो विचारणारे बहुतेक जण यूट्यूबवर अमेरिकेतल्या स्वस्त नाइन एमएम पिस्तुलांचे व्हिडिओ बघून आलेले असतात. तो नाद आधी सोडायचा. आपल्याकडे नाइन एमएम हा निषिद्ध बोर (बोर म्हणजे नळीच्या आतलं माप), सामान्य नागरिकाच्या परवान्यावर तो चढत नाही. परदेशी हत्यार आयात करायची वाटही खासगी माणसाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. त्यामुळे स्वस्तातलं नवं हत्यार म्हणजे इथे देशी बनावटीचं, आणि बहुतेक वेळा .३२ बोरचं.

गावठी कट्ट्याची तुलना या लेखात नाही. विनापरवाना हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे, आणि तो कट्टा पुढच्याऐवजी मागच्याच्या तोंडावर फुटायची शक्यता वेगळी.

आता जे मिळतं ते बघू.

साधं .३२ रिव्हॉल्व्हर

कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं हे जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे इंग्रजांच्या वेब्ली मार्क फोर रिव्हॉल्व्हरचा देशी नातू. सहा गोळ्या, वजन साधारण सातशे ग्रॅम, आणि भरायला-रिकामं करायला मधोमध मोडणारी घडण. वरची खिट्टी दाबून नळी खाली केली की मागची, गोळ्या बसणारी चक्री उघडते आणि रिकामी टरफलं आपोआप वर उचलली जातात. दिसायला जुनाट. पट्ट्याला लावून लग्नात मिरवायचं असेल तर याने कोणी भारावणार नाही.

गुण मात्र ठसठशीत आहेत. गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा, चक्री पुढे सरकते, दुसरी गोळी समोर येते. डोकं चालवावं लागत नाही. ज्याला वर्षातून एकदा हत्यार हातात घ्यायचं आहे त्याच्यासाठी यापेक्षा मोठा गुण दुसरा नाही. भरलंय की रिकामं हेही उघडलं की डोळ्यांना दिसतं.

दोष दोन. एक म्हणजे चाप जड. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, आधी न ओढता नुसत्या चापावर गोळी झाडायची तर बोटाला चार-पाच किलोचा जोर सहज लागतो, कधी जास्तच, आणि त्या ओढाताणीत नळीचं तोंड हलतं. दुसरा दोष उघडण्याच्या पद्धतीत आहे, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. रिव्हॉल्व्हर हळूहळू, नळी जमिनीकडे धरून उघडलं तर एखादं टरफल बाहेर न पडता, टरफलं वर उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या चकतीखाली घसरून बसतं. मग ते नखाने उकरत बसावं लागतं, तोवर चक्री बंद होत नाही. उघडताना नळीचं तोंड सुरक्षित दिशेला पण वरच्या बाजूला ठेवायचं आणि एका झटक्यात पूर्ण उघडायचं. विकणाऱ्यासमोरच चार-पाच वेळा रिकाम्या हत्यारावर हे करून बघा. खिट्टी घट्ट आहे, अंगठा दुखतो, असं वाटलं तर दुसरा नग मागा. हाताने घासून-बसवून जुळवलेल्या हत्यारात नगानगात फरक असतो.

निर्भीक आणि प्रबळ

निर्भीक २०१४ च्या जानेवारीत आलं, कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीतून. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत एक लाख बावीस हजारांच्या आसपास. म्हणजे साध्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त पैसे मोजून दोनशे ग्रॅम वजन कमी करायचं.

पर्समध्ये किंवा शर्टाखाली दिवसभर बाळगायचं असेल तर त्या दोनशे ग्रॅमला किंमत आहे, नाही असं नाही. पण हत्यार हलकं म्हणजे नेम सोपा, हा समज खोटा आहे. अर्धा किलोच्या हत्यारावर चार-पाच किलोचा चाप ओढताना ते हातात जास्त डुलतं, जड हत्यार आपल्या वजनानेच जरा स्थिर राहतं. .३२ च्या गोळीचा झटका मुळात सौम्य असल्याने हात मोडत नाही, पण दुसरी गोळी जागेवर बसवायला वेळ लागतो. पर्स वापरणारी स्त्री महिन्यातून दोनदा सराव करणार असेल तर निर्भीक. नाहीतर जड आणि स्वस्त ते बरं.

प्रबळ ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. आयुध कारखान्यांच्या ऑक्टोबर २०२१ मध्ये सात कंपन्या झाल्या, त्यातल्या कानपूरच्या कंपनीचं हे हत्यार. वजन पावणेसातशे ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि चक्री बाजूला उघडते. बाजारात आलं तेव्हा किंमत एक लाख चाळीस हजारांच्या घरात होती. चक्री बाजूला उघडणं ही खरी सुधारणा आहे. मधोमध बिजागरी नसल्याने सांगाडा एकसंध राहतो आणि वर्षानुवर्षं ढिला पडण्याची धास्ती कमी. जाहिरात मात्र पन्नास मीटरच्या पल्ल्याची झाली. दुकानाच्या शटरपासून गल्ल्यापर्यंत अंतर किती असतं? पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडून नंतर कोर्टात ‘स्वसंरक्षण’ म्हणणं कठीण जाईल. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं एकदा वकिलाकडून समजून घ्या. धोका अंगावर आलेला असणं आणि बळाचा वापर गरजेपुरताच असणं हा तिथला गाभा आहे. पल्ल्यासाठी जादा पैसे देऊ नयेत, घडणीसाठी देत असाल तर द्यावेत.

खिशात जास्त पैसा असणाऱ्यांसाठी वेब्लीचं नाव लावलेलं, हरदोई जिल्ह्यात बनणारं .३२ रिव्हॉल्व्हरही आहे. ते स्वस्ताच्या यादीत बसत नाही, म्हणून पुढे.

अशनी पिस्तूल

पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ पिस्तूल. चपटं, त्यामुळे सदऱ्याखाली उठून दिसत नाही. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, सात-आठ गोळ्या. पहिल्या गोळीनंतर पुढची आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, येते आणि चाप रिव्हॉल्व्हरच्या मानाने हलका. रेंजवर दोन्ही चालवून बघणाऱ्या नवख्याचे नेम बहुधा पिस्तुलावरच चांगले लागतात. मग रिव्हॉल्व्हर का घ्यायचं?

कारण रेंजवर कोणी तुमच्या अंगावर धावून येत नाही. पिस्तुलात गोळी अडकली, फुसकी निघाली, टरफल बाहेर पडायच्या खाचेत आडवं बसलं, तर मॅगझिनवर थाप मारून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे खेचणं हातांना न विचारता जमावं लागतं. ते सरावाशिवाय येत नाही. दुसरा मुद्दा चेंबरचा. गोळी चेंबरमध्ये ठेवून पिस्तूल कमरेला लावायचं का? लावलं तर घरातल्या लेकरांची भीती आणि स्वतःच्या मांडीचीही. नाही लावलं तर ऐनवेळी दोन्ही हातांनी स्लाइड ओढावी लागणार, आणि एका हातात गल्ल्याची पिशवी असते. साठी उलटलेल्या, बोटांचे सांधे दुखणाऱ्या माणसाने तर पैसे देण्याआधी स्लाइड स्वतः ओढून बघावी. दुकानात बरोबर आलेला पोरगा ओढून दाखवतो आणि बाबा मान डोलावतात, असं चालत नाही.

पिस्तुलाबाबत सगळ्यात जास्त माणसं फसतात ती मॅगझिन काढलं म्हणजे हत्यार रिकामं झालं या समजापायी. चेंबरमधली एक गोळी आतच असते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि करंगळीने खात्री करायची. हा क्रम उलटा केला तर मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये जाते.

माझं मत विचाराल तर, दर महिन्याला सराव करणाराला पिस्तूल आणि बाकी सगळ्यांना साधं जुनं रिव्हॉल्व्हर. आणि आपल्याकडे ‘बाकी सगळे’ म्हणजे जवळजवळ सगळेच. गोळीबाराच्या सरावासाठी तुम्ही नेमके कुठे जाणार, हे हत्यार बुक करण्याआधी ठरवा. पुण्याच्या बालेवाडीला नावाजलेली रेंज आहे, पण सोलापूरहून ते अडीचशे किलोमीटर.

काडतुसं दोघांची वेगळी, हे लक्षात असू द्या. दोन्हीला आपण ‘बत्तीस’च म्हणतो, पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस ७.६५ गुणिले २३ मिलिमीटरचं आणि पिस्तुलाचं ७.६५ गुणिले १७. एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. आधी पिस्तूल घेऊ, नंतर भावाच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं वापरू, असा हिशेब करू नका. ताकदीत दोघांत फारसा फरक नाही आणि दोन्ही नाइन एमएमच्या निम्म्याच्याही आत.

निडर

इच्छापूरचंच .२२ चं छोटं रिव्हॉल्व्हर, अडीचशे ग्रॅम, आठ गोळ्या. जाहीर झालं तेव्हा किंमत पस्तीस हजार सांगितली गेली, आणि आजही ‘सगळ्यात स्वस्त कोणतं’ म्हटलं की हेच नाव निघतं. माझा सल्ला नाही असाच. .२२ चं काडतूस कडेवर ठोकून पेटतं आणि ते मधोमध ठोकल्या जाणाऱ्या .३२ पेक्षा जास्त वेळा फुसकं जातं. शिवाय रिकाम्या हत्यारावर चाप ओढून घरी सराव करायचा तर .२२ मध्ये घोड्याची पिन चेंबरच्या कडेवर आपटून कडा खराब होते. .३२ मध्ये नकली काडतुसं घालून तो सराव बिनधास्त करता येतो, आणि जड चापाची बोटाला सवय लावायचा तोच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

किमतीपलीकडचा खर्च

पत्रकावरचा आकडा बघून खूश होऊ नका. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. लाखाच्या हत्याराला नुसता कर चाळीस हजार. भाव विचारताना ‘करासकट किती’ असंच विचारा. त्यावर काडतुसं, तिजोरी, सरावाला जाण्या-येण्याचा खर्च. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती राऊंड, म्हणजे काडतुसं, हे लिहिलेलं असतं, तेवढ्यात सराव आणि राखीव दोन्ही बसवायचं आहे. दहा-दहा वर्षं तीच सहा काडतुसं चक्रीत ठेवणारे लोक मी बघितलेत. जुनी सरावात संपवा, नवी भरा.

कागदाचं काम शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, आणि बार्शी, पंढरपूर, अकलूज, करमाळा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय किमान २१, प्रशिक्षणाचं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. परवाना पाच वर्षांचा आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं. म्हणून ‘आधी स्वस्तातलं घेऊ, मग बघू’ हा विचार तितका सोपा नाही. जागा दोनच आहेत.

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांनी तर मुळात कमरेचं हत्यार घ्यावंच का, हा विचार करावा. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने उच्छाद मांडला होता, तेव्हापासून ‘बिबट्यासाठी रिव्हॉल्व्हर’ अशी मागणी ऐकू येते. तो बिबट्या वनखात्याच्या आदेशानंतर मारला गेला, रिव्हॉल्व्हरने नव्हे. परवानगीशिवाय बिबट्यावर गोळी झाडणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि अंधारात हलत्या जनावराला .३२ ची गोळी लागणंही अवघड. दरोड्याच्या भीतीने वस्तीवर काही ठेवायचंच असेल तर देशी बाराबोर बंदूक उजवी. नेम ढोबळ असला तरी भागतं आणि नुसत्या आवाजानेच निम्मं काम होतं.

जुनं विकत घेताना

वडिलांच्या पश्चात वारसाला हत्यार नको असतं, ते विकायला निघतं. जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव लाखांत सांगतात. आयात बंद असल्याने ती टंचाईची किंमत आहे, गुणाची नव्हे. सुटे भाग मिळत नाहीत. जुनं देशी रिव्हॉल्व्हर मात्र तपासून घेतलं तर सगळ्यात फायद्याचं. रिकामं असल्याची खात्री करून घोडा ओढा, चाप दाबून धरा आणि चक्री बोटांनी हलवून बघा. खडखड हलली तर नको. सहाही घरांवर हे करा, एकावर करून थांबू नका. नळीच्या मागच्या बाजूला पांढरा कागद धरून आतून बघा. अंधारलेली कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते. बारीक खड्डे म्हणजे गंज. व्यवहार दोन्ही बाजूंच्या परवान्यांवर नोंद करूनच होतो, तोंडी ‘वापर तू, कागद नंतर’ असं कधीही नाही.

गंजाचं आणखी एक कारण आपल्याकडे दर थोड्या वर्षांनी येतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेकांना हत्यार जमा करावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, तेव्हा ते दोनदा झालं. जमा करताना चामड्याच्या म्यानात घालून देऊ नका, चामडं ओल धरून ठेवतं. नळीतून आणि चक्रीच्या घरांतून तेलाचा पातळ हात फिरवा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा, पावतीवर हत्याराचा नंबर स्वतः वाचून बघा. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं चालतं, ते सोलापुरात गल्लोगल्ली मिळतं. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि चाप आणखी जड होतो.