केमोच्या गोळ्या आणि बेळगावातले एक औषध दुकान : पाच सायकलींचा अनुभव

दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आईला कॅपेसिटाबाईन हे केमोच्या गोळ्यांचे औषध सुरू केले. 500 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी, तीन रात्री, अशा चौदा दिवस घ्यायच्या आणि मग सात दिवस पूर्ण बंद ठेवायच्या; या एकवीस दिवसांच्या फेरीला सायकल म्हणतात. पहिल्या सायकलीचे औषध आम्ही दुसरीकडून घेतले होते. चौदा दिवसांना 84 गोळ्या लागतात. त्या दुकानदाराने स्ट्रिप कापायचा कंटाळा करून नऊ अख्ख्या स्ट्रिप पिशवीत घातल्या आणि वर पेनने 3-0-3 एवढेच लिहिले. पंधराव्या दिवशी आईने उरलेल्या सहाही गोळ्या घेऊन टाकल्या, कारण एवढे महागाचे औषध वाया घालवणे तिच्या मनाला पटेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. पण आमच्या घरी औषध बुडाले नव्हते, एक दिवस जास्त झाले होते, आणि तेही निव्वळ न सांगितल्यामुळे.

दुसऱ्या सायकलीपासून आम्ही या दुकानात येऊ लागलो. इथल्या फार्मासिस्ट बाई घरी कन्नड बोलणाऱ्या असल्या तरी त्यांचे मराठी अस्सल बेळगावी आहे. त्यांनी आठ स्ट्रिप आणि वर मोजून चार गोळ्या दिल्या, कॅलेंडरच्या छापील पानावर चौदा तारखांना गोल केले, पुढच्या सात तारखांवर फुली मारली आणि मग मला बाजूला ठेवून थेट आईला म्हणाल्या, "मावशी, आता तुम्ही सांगा बघू मला, कधी काय घ्यायचं." आईने जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, न चावता, हे सगळे बरोबर सांगितले. त्यावर बाईंनी विचारले, "एकादशी धरता काय?" हा प्रश्न आम्हाला दवाखान्यात कुणी विचारला नव्हता. आई वर्षानुवर्षे एकादशी करते आणि गोळी तर पोटात अन्न असतानाच घ्यायची. तेव्हा निर्जळी करायची नाही आणि साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊनच गोळी घ्यायची, असे तिथेच ठरले. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही, रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले किंवा रात्री उठून जावे लागले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा आणि ताप 100.4 अंशांवर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, हेही त्यांनी पानाच्या मागे मराठीत लिहून दिले. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, गावाकडचा काढा घेता का, याचीही चौकशी केली.

आता तक्रारी. गोळ्यांच्या डबीतली घडीपत्रिका इंग्रजीत असते, ती आईच्या उपयोगाची नाही. दुकानाने स्वतः छापलेले माहितीपत्रक कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे, परंतु त्यातले मराठी कुणी शब्दकोश उघडून लिहिले असावे. 'हस्त-पाद संलक्षण' वाचून आईने ते मला परत दिले. फार्मासिस्ट बाईंनी तेच "तळहात-तळपाय लाल होऊन चुरचुरले, कातडी सुटायला लागली" असे सांगितले आणि तिसऱ्या सायकलीत तळपाय लाल होताच आईने ते आपणहून ओळखले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. बाईंचे हे शब्द कागदावर यायला किती खर्च येणार आहे?

दुसरी गोष्ट अधिक खटकते. ही सगळी विचारपूस काउंटरवरच, मागे दहा माणसे उभी असताना होते. जुलाबांचा प्रश्न आला तेव्हा आईने मान खाली घालून "तसलं काही नाही" म्हटले, आणि ते खरे नव्हते. आतल्या बाजूला दोन खुर्च्या ठेवण्याइतकी जागा दुकानात नक्कीच आहे. रविवारी फोन कुणी उचलत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तरीही खानापूरहून बस बदलून आम्ही इथेच येतो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गर्दी नसते, बाई निवांत बोलतात. येताना डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्या दोन्ही घेऊन यावे, कारण त्या मोजल्याशिवाय नव्या देत नाहीत.