‘लॅचिंग’ म्हणून विकलेला साधा रिले

गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये नाव चालवणाऱ्या आणि नावेवर बॅटरी ठेवणाऱ्या सर्वांनी हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण आमच्या मच्छीमार संस्थेच्या गळ्यात मारलेला हा माल तालुक्याच्या बाजारात अजूनही विकला जात आहे.

पावसाळ्यात वैनगंगेच्या काठी बांधून ठेवलेल्या नावेत पाणी साचते. ते उपसणारा लहान पंप 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. गुडघाभर चिखल तुडवत नावेपर्यंत जावे लागू नये आणि काठावरूनच रिमोटने बॅटरीचा पुरवठा चालू-बंद करता यावा, म्हणून आम्ही रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घ्यायचे ठरवले. लॅचिंग रिलेच हवा, असे दुकानदाराला स्पष्ट सांगितले होते. अशा रिलेला स्थिती बदलताना क्षणभरच वीज लागते, तर साध्या रिलेची कॉइल (आतले तारेचे वेटोळे) चालू असेपर्यंत बॅटरीतून सतत वीज ओढत राहते. दुकानदाराने ‘लॅचिंग, 200 अँपिअर, डीसी’ (डीसी म्हणजे बॅटरीची, एकाच दिशेने वाहणारी वीज) असे स्टिकर दाखवले आणि साध्या रिलेच्या कितीतरी पट किंमत घेतली.

पुढे झड लागली, बॅटरी उतरली, पंप थांबला आणि नाव खुंट्याला बांधलेलीच बुडाली.

गावातल्या वायरमनने कॉइलच्या तारेत मीटर लावला, तेव्हा सुमारे एक अँपिअर प्रवाह अखंड वाहताना दिसला. म्हणजे दिवसरात्र मिळून 24 अँपिअर-तास, अर्थात 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ चौथा हिस्सा, एकटा रिलेच खात होता. मग स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, तर खाली मूळ छपाई निघाली: 60 अँपिअर, 250 व्होल्ट एसी, म्हणजे घरातल्या विजेसाठी. हा आकडा डीसीला लागू पडत नाही. आपल्याकडचा एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीवर, विशेषतः मोटार जोडलेली असताना, ती रेंगाळते आणि काँटॅक्ट (रिलेतले वीज जोडणारे-तोडणारे भाग) एकमेकांना चिकटू शकतात. तसे झाले, तर रिमोटने बंद करूनही वीज वाहतच राहते, आणि नावेवर हे जिवावर बेतू शकते.

पारख दुकानातच करता येते. रिलेला बॅटरी जोडून तो चालू करावा आणि कॉइलची तार काढून घ्यावी. टक् असा आवाज होऊन काँटॅक्ट उघडले, तर तो लॅचिंग नव्हे; खरा लॅचिंग रिले आहे त्याच स्थितीत राहतो.

दुकानदाराने आधी आमच्या जोडणीला दोष दिला. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहोत. तेथे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. रिले आणि सोललेले स्टिकर जपून ठेवले आहे. परंतु बिलावर केवळ ‘विद्युत साहित्य’ असे लिहिलेले असल्याने, तो रिले आपल्या दुकानातला नाहीच, असे दुकानदार आता म्हणतो. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी मॉडेल क्रमांक, डीसीवरील अँपिअर आणि ‘लॅचिंग’ हा शब्द बिलावर लिहून घ्यावा, आणि तसे लिहून देण्यास नकार देणाऱ्याकडून माल घेऊच नये.