इग्नू की नाशिकचं मुक्त विद्यापीठ? नोकरी करून शिकणाऱ्या नागपूरकरांसाठी

हिंगण्याच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळत असताना, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मी बीए करायचं ठरवलं. आधी इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, प्रवेश घेतला आणि एक वर्ष काढलं. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षापासून बसलो आणि पदवी तिथूनच घेतली. दोन्हीकडची पुस्तकं अजून घरात आहेत. प्रवेश सुरू झाले की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कोणती पदवी जास्त चालते, या प्रश्नावर वेळ घालवू नका. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता दोन्हींना आहे आणि स्पर्धा परीक्षांना दोन्ही चालतात. खरा फरक भाषेत आहे, पण आधी दोघांची घडण बघू.

इग्नू संसदेच्या कायद्यानं १९८५ साली झालं. कुलाध्यक्ष राष्ट्रपती, मुख्यालय दिल्लीत मैदानगढीला. पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी, त्याआधी १९८२ साली हैदराबादला निघालेलं आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठही त्यांनीच उभं केलं होतं. १९८७ साली व्यवस्थापन आणि दूरशिक्षण अशा दोनच पदविका सुरू झाल्या, विद्यार्थी ४,५२८. पुढे पसारा एवढा वाढला की देशातल्या दूरशिक्षणावर देखरेख ठेवणारी परिषदही १९९१ पासून इग्नूच्याच छत्राखाली होती. २०१३ मध्ये ते काम यूजीसीकडे गेलं. नाशिकचं विद्यापीठ १९८९ चं, राज्याच्या कायद्यानं झालेलं, कुलपती राज्यपाल. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. म्हणून असेल कदाचित, पण दोन्हींचा सांगाडा मला सारखाच वाटला: वर मुख्यालय, मध्ये विभागीय केंद्र, खाली एखाद्या नेहमीच्या कॉलेजात रविवारी भरणारं अभ्यासकेंद्र. तिथे शिकवणाऱ्याला इग्नूत परामर्शदाता म्हणतात, नाशिककडे समंत्रक.

सांगाडा सारखा असला तरी भाषा वेगळी आहे. इग्नू साऱ्या देशासाठी आहे, त्यामुळे माझ्या वेळी बीएला माध्यम इंग्रजी नाहीतर हिंदी. नाशिकची पुस्तकं मराठीत. माझं इंग्रजी कामापुरतं, म्हणून मी हिंदी घेतलं, आणि घेताना क्षणभरही विचार केला नाही. नागपूरकराला हिंदी शिकावी लागते का? १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सीताबर्डीवर भाव हिंदीत होतो, ऑटोवाल्याशी हिंदी, माझ्या स्टोअरमधल्या निम्म्या पोरांशी हिंदी. वाचायलाही काही अडलं नाही. ‘आपत्ति’ म्हणजे संकट नव्हे, हरकत. ‘अधिगम’ म्हणजे शिकणं. असे पाचपन्नास शब्द वहीत उतरवून घेतले की पुस्तक सरळ वाचता येतं. आणि पुस्तकं उत्तम आहेत, हे मनापासून सांगतो. धडा इतका पायरीपायरीनं नेतात की शिकवणारा समोर नसला तरी चालतं.

अडलं ते लिहिताना, आणि तेही एका शब्दापाशी. विषय राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन, म्हणजे ओळीओळीला ‘सरकार’. आपल्याकडे सरकार नपुंसकलिंगी: ते आलं, ते पडलं. हिंदीत सरकार स्त्रीलिंगी. पहिल्या सत्रीय कार्यात, म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायात, मी पानभर ‘सरकार करता है’ लिहिलं आणि तपासणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी लाल गोल करून परत दिलं. त्यांचं बरोबरच होतं. त्यानंतर परीक्षेत ‘सरकार’ आलं की पेन थबकायचं: का, की, के? पुढे ‘पुलिस’ आलं की पुन्हा तेच, कारण आपला पोलीस पुल्लिंगी. उत्तर डोक्यात तयार असायचं, वाक्य मात्र मराठीत जुळायचं आणि हाताशी येईपर्यंत वेळ निघून जायचा. तीन तासांत माझी अकरा पानं झाली. पुढे नाशिकच्या परीक्षेला तशाच विषयाच्या पेपरात, तेवढ्याच वेळात, एकोणीस पानं लिहिली. हुशारी वर्षभरात वाढली नव्हती. पेन थांबलं नाही, एवढंच.

हा माझा अनुभव. ज्यांची शाळा हिंदी माध्यमात झाली, किंवा ज्यांच्या घरात दोन्ही भाषा आहेत, त्यांना कदाचित हे जाणवणारही नाही. इंग्रजी लिहिण्याचा सराव असेल तर इग्नूच घ्या, असंही मी म्हणेन.

इग्नूची आणखी एक बाजू आहे, आणि ती खरोखर भारी आहे. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, आणि बीए पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. जूनमध्ये आमच्याकडे स्टॉकचं ऑडिट लागलं आणि माझा एक पेपर बुडाला. तो डिसेंबरात दिला, तोही नागपूरच्या थंडीत, स्वेटर घालून, जूनच्या उकाड्यापेक्षा कितीतरी सुखात. बदलीची नोकरी असेल तर प्रश्नच नाही. आमच्या शेजारची मुलगी बँकेत आहे. तिची रायपूरला बदली झाली तेव्हा तिनं विभागीय केंद्र बदलून घेतलं आणि शिक्षण पुढे चालू ठेवलं. नाशिकचं विद्यापीठ महाराष्ट्रापुरतं, ही सोय तिथे मिळणार नाही. विषयांची निवडही इग्नूत मोठी, विशेषतः एमएला.

तरीही, जो इथेच राहणार आहे, दिवसभर कामावर असतो, शाळा मराठीत झाली आहे आणि रात्री दोन तास कसेबसे काढू शकतो, त्याला मी नाशिककडेच पाठवतो. त्या दोन तासांतला अर्धा तास व्याकरणात जाणं परवडत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. इग्नूची पुस्तकं त्यांच्याच ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लोकप्रशासनाचा एक घटक हिंदीतून वाचा, दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटा आणि त्या घटकातल्या एका प्रश्नाचं उत्तर वीस मिनिटं हातानं, हिंदीत लिहा. मग पेन कुठे कुठे थांबलं ते मोजा, आणि त्यानंतरच फी भरा.