२७ इंची मॉनिटर घेताय? फुल एचडी, क्यूएचडी की फोरके

२४ इंची सोडून २७ वर जायचं हे ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी लिहितोय, तेव्हा पॅनल कुठलं, हर्ट्झ किती वगैरे तुम्ही बघून घेतलंच असेल. गाडी अडते ती रिझोल्यूशनपाशी, म्हणजे पडद्यावर ठिपके (पिक्सेल) किती यापाशी. आपल्या इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये नाहीतर जेल रोडला जा, दुकानात तिन्ही शेजारीशेजारी लावून ठेवलेले असतात आणि तिन्हींवर तोच डोंगर-धबधब्याचा व्हिडिओ चालू असतो, त्यात तिन्ही सुंदरच दिसतात. त्या व्हिडिओवरून ठरवू नका. पेनड्राइव्हवर आपल्या रोजच्या कामाची एक फाइल न्या आणि ती उघडून दाखवा म्हणा, कोणी नाही म्हणत नाही.

माझं काम डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावून द्यायचं. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, शोकसंदेश, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी. म्हणून माझी सगळी पारख देवनागरी अक्षरावर आहे, ज्यांचं काम नुसतं एक्सेल आणि मेलचं आहे त्यांनी त्या हिशोबानं थोडं कमीजास्त करून घ्यावं.

आधी फुल एचडी, म्हणजे १९२०×१०८०. २४ इंचीवर याचे इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात, २७ वर तेच ८२ च्या आसपास येतात, म्हणजे मॉनिटर मोठा झाला तरी पडद्यावर मावतं तेवढंच, फक्त सगळं फुगतं. टॅलीवर दिवसभर बिलं टाकायची असतील, काउंटरवर जरा लांबून बघायचं असेल किंवा घरी वडीलधाऱ्यांना मोठी अक्षरं हवी असतील तर उलट हेच सोयीचं पडतं, आणि पैसेही वाचतात. त्यांना मी दुसरं काही घ्या म्हणणार नाही.

पण मला जी गोष्ट रोज टोचायची ती वेगळीच. मला प्रूफ वाचताना ए-फोर पान पूर्ण समोर लागतं, कारण समास, चौकट, फोटोखालची ओळ हे सगळं एका नजरेत आलं तरच चूक सापडते. आता फुल एचडीवर पान पूर्ण बसवलं की वरचे मेनू आणि खालची पट्टी सोडून उंचीला जेमतेम नऊशे पिक्सेल उरतात. त्यात बारा पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला येतात तेराएक. इंग्रजीचं त्यात भागून जातं हो, पण आपल्याला त्याच तेरामध्ये शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार एवढं सगळं बसवायचं असतं. अनुस्वाराला मिळतो एखादा पिक्सेल, फार तर दोन, तेही धड काळे नाहीत, करडे. पत्रिकेत हमखास येणारा ‘सर्वांना’ घ्या, ‘वां’वर रफार आणि त्याला चिकटून अनुस्वार. फुल एचडीवर तिथे एक डाग दिसतो, अनुस्वार आहे की सुटलाय हे सांगताच येत नाही. मग झूम करा, पान वरखाली सरकवा, परत पूर्ण पान करा, ओळ हरवते, परत शोधा. अनुस्वार दिसला की पान जातं, पान दिसलं की अनुस्वार जातो. आणि शोकसंदेशात ‘त्यांचे’चं ‘त्याचे’ झालं तर त्या घरच्या माणसांना काय वाटेल याचा विचार करा, ही बारीकसारीक गोष्ट नाही. शिवाय आता पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि फोनचा पडदा इंचाला चारशेच्या घरातला असतो, त्यामुळे आपल्याला मॉनिटरवर न दिसलेला टिंब समोरच्याला फोनवर लगेच दिसतो.

क्यूएचडीवर, म्हणजे २५६०×१४४० वर, तेच पूर्ण पान केलं की त्याच अक्षराला अठराएक पिक्सेल मिळतात. ऐकायला पाचच वाढले, पण रफार आणि अनुस्वार यांच्यामध्ये पांढरी फट दिसायला लागते आणि मला तेवढीच हवी होती. डोळे फार बारीक न करता पान वाचता येतं, बाजूला मजकुराची वर्डची फाइलही उघडी राहते. २७ इंचीवर इंचाला १०९ पिक्सेल होतात. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ती सेटिंग, १०० टक्क्यांवर ठेवलं तर मेनूची अक्षरं २४ इंचीपेक्षा किंचित लहान वाटतात, मला चाललं, चाळिशीचा चष्मा असेल तर कदाचित १२५ करावं लागेल.

मग फोरके, म्हणजे ३८४०×२१६०, का नाही? पिक्सेल फुल एचडीच्या चौपट, इंचाला १६३, आणि अक्षर बघाल तर खरंच छापल्यासारखं, यात वाद नाही. पीडीएफमध्ये पूर्ण पान केलं की बारा पॉइंटला सत्तावीसएक पिक्सेल, अनुस्वार गोल दिसतो, गोल! ब्राउझर, वर्ड, नवी सगळी सॉफ्टवेअर त्यावर छान चालतात. पण २७ इंचीवर फोरके १०० टक्क्यांवर कोणी वापरू शकत नाही, सगळं मुंगीएवढं होतं, म्हणून १५० टक्के करावं लागतं आणि इथेच आमच्या धंद्याची अडचण होते. पानं लावायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ हे २००१ चं, तेव्हा एवढ्या दाट पडद्यांचा विचारच नव्हता, आणि कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधल्या फायली अजून त्यातच आहेत, दरवर्षी तीच स्मरणिका त्याच फाइलवरून निघते. अशा जुन्या प्रोग्रामला विंडोज स्केलिंगची गोष्ट कळूच देत नाही. १५० टक्क्यांवर त्याला पडदा २५६०×१४४० चाच आहे असं सांगितलं जातं, तो तेवढ्यातच चित्र काढतो आणि मग विंडोज ते चित्र ताणून फोरकेवर पसरवतं. म्हणजे बघा, पैसे फोरकेचे दिले, बारकावा क्यूएचडीचाच मिळाला, आणि वर ताणल्यामुळे कडा पुसट. ज्या अनुस्वारासाठी एवढा खटाटोप तो परत धूसर! प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन ते ताणणं बंद करता येतं, मग पान स्वच्छ दिसतं पण टूलबॉक्सची चित्रं इतकी बारीक होतात की माउसचा नेम धरावा लागतो. २०० टक्के केलं तर जागा परत फुल एचडीएवढीच. तुमच्याकडे असं जुनं काहीच नसेल तर माझा हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, मग खुशाल फोरके घ्या.

मॅकवाल्यांचंही वेगळं आहे. ॲपलनं २०१८ च्या मॅकओएस मोहावेपासून अक्षरांच्या कडा सबपिक्सेलनं, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांनी, गुळगुळीत करणं बंद केलंय, त्यामुळे मॅक मिनीला २७ इंची क्यूएचडी जोडला तर अक्षर जरा अशक्त दिसतं. त्यांनी फोरकेच बघावा असं मला वाटतं.

एक स्वस्तातला रस्ताही सांगून ठेवतो. फिरणारा स्टँड असलेला २४ इंची फुल एचडी उभा केला तर एकटं ए-फोर पान क्यूएचडीपेक्षाही मोठं दिसतं, नुसतं प्रूफ वाचणाऱ्याला याहून काही लागू नये. पण अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारं विंडोजचं क्लिअरटाइप आडव्या ओळीतल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या धरून बनवलंय, उभं केल्यावर कडा थोड्या बिघडतात, आणि समोरासमोरची दोन पानं किंवा रुंद तक्ता आला की पंचाईत. दुसरा मॉनिटर म्हणून उत्तम, एकच असेल तर मी नाही करणार.

३२ इंची घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की त्यावर क्यूएचडीची घनता परत ९२ वर येते, २४ इंची फुल एचडीएवढीच. जागा जास्त मिळते, पण अक्षर २७ इंचीइतकं दाट दिसत नाही, त्या मापाला फोरके जास्त शोभतो.

क्यूएचडी घेतलात आणि अक्षरं लहान वाटली तर कृपा करून रिझोल्यूशन १९२०×१०८० वर उतरवू नका. मी कितीतरी ऑफिसांत हे बघतो, चांगला मॉनिटर आणि त्यावर सगळं धुकट. या पडद्याचे पिक्सेल ठरलेले असतात, १०८० ओळी १४४० मध्ये पसरवायच्या म्हणजे एका ओळीला सव्वाच्या वर, पावणेदोनच्या आत असा काहीतरी वाटा येतो, मग प्रत्येक रेघ शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडते आणि शिरोरेघ जाड-बारीक दिसते. रिझोल्यूशन आहे तेच ठेवा, स्केलिंग १२५ करा.

आणि मॉनिटर घरी आणायच्या आधी मशीनच्या मागे एकदा टॉर्च मारून बघा. मॉनिटर जोडायला नुसतं व्हीजीए हे जुनं सॉकेट असेल तर क्यूएचडीचा नाद सोडा किंवा ग्राफिक्स कार्डाचे पैसे धरून चला. एचडीएमआय १.४ असेल तर फोरके फक्त ३० हर्ट्झवर चालतं, माउस ओढल्यासारखा वाटतो, ६० साठी २.० लागतं. क्यूएचडी १.४ वरही ६० ला चालतं, पण काही फार जुन्या मशिनींचं एचडीएमआय १९२०×१२०० च्या पुढे जातच नाही. तिथे मागे डिस्प्लेपोर्ट असेल तर त्याची केबल त्याच दुकानातून घेऊन टाका, बॉक्समध्ये प्रत्येक वेळी असतेच असं नाही.