जत्रा की तालीम? उन्हाळी कोर्स निवडताना

समकालीन संगीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी युरोपात जे उन्हाळी कोर्स भरतात, त्यांच्या ढोबळमानाने दोन जाती. एक जत्रेची, दुसरी तालमीची. जत्रा म्हणजे जर्मनीतल्या डार्मश्टाटचा कोर्स. 1946 साली सुरू झाली, 1970 नंतर दरवर्षी भरायची थांबली. बुलेझ, नोनो, श्टॉकहाउझेन ही कम्पोझरांची नावं तिच्याशी कायमची जोडलेली. 1958 साली अमेरिकन कम्पोझर जॉन केजने तिथे जाऊन सगळ्यांची झोप उडवली. तालमीच्या कोर्सला वाद्यवृंद ठरलेला, कम्पोझर मोजके, आणि प्रत्येकाने त्याच वाद्यांसाठी लिहून आणायचं. पॅरिसला इर्काम या संगीत-संशोधन संस्थेची मॅनिफेस्ट अकादमी जूनमध्ये असते, ती या बाजूची. ऑस्ट्रियातल्या ग्राझची इम्पुल्स अकादमीही बरीचशी याच वळणाची, पण भरते फेब्रुवारीत. तिला उन्हाळी म्हणवत नाही.

नवं संगीत प्रत्यक्ष फारसं ऐकलं नसेल (आणि गोव्यात बसून ऐकणार तरी कुठे?) तर जत्रेला तोड नाही. दोन आठवडे दिवसभर व्याख्यानं, रात्री मैफली. यूट्यूबवरचा बास क्लॅरिनेटचा मल्टिफोनिक (एकाच फुंकरीत एकदम निघणारे अनेक स्वर) आणि दहा फुटांवरून कानावर येणारा मल्टिफोनिक या दोन वेगळ्याच चिजा आहेत. ओळखी होतात त्या वेगळ्या.

अडतं ते एकाच ठिकाणी. जत्रेत तुमची रचना वाजेलच असं कुणी लिहून देत नाही. स्कोअर घेऊन गुरुजींसमोर बसायचं, ते पानं उलटणार, दोन चांगल्या सूचना करणार, वेळ संपणार. समजा तुम्ही घुमट (आपलं मातीच्या भांड्याचं, कातडं ताणलेलं तालवाद्य) आणि चेलो अशी जोडी लिहिली आहे. घुमटाच्या उघड्या तोंडावर तळवा झाकत-उघडत सूर कसा वरखाली होतो, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक; समोरच्याने ते वाद्य पाहिलेलंही नसतं. घुमटाच्या घुमाऱ्याखाली चेलोची खालच्या तारेवरची पिझिकाटो (गजाऐवजी बोटाने छेडलेली तार) बुडते की नाही, ते कागद सांगत नाही. तालमीत पहिल्या दहा मिनिटांत कळतं. बुडतेच, बहुतेक वेळा. मग तिथल्या तिथे चेलो एक सप्तक वर न्यायचा किंवा घुमटाला त्या मात्रेवर गप्प बसवायचं. माझा काटा इथेच झुकला.

अर्थात तालमीची वेळही फार नसते. समजा आठ मिनिटांच्या रचनेला 45 मिनिटांच्या तीन तालमी मिळाल्या. एका तालमीत रचना दोनदा सलग वाजवली की 16 मिनिटं गेली, उरली 29. ती खातात ते पार्ट, म्हणजे एकेका वादकासाठी वेगळी छापलेली पानं. पान उलटायला हात मोकळा नाही, स्कोअर कॉन्सर्ट पिचमध्ये (ऐकू येतो तोच स्वर लिहिलेला) आणि क्लॅरिनेटचा पार्ट ट्रान्सपोज न करता, म्हणजे त्या वाद्याच्या पट्टीत न बदलता, तसाच छापलेला, प्रत्येक ओळीला बार नंबर नाही: असल्या एकेका शंकेला दोन-तीन मिनिटं मोजा. लांब विरामानंतर शेजारच्या वाद्याचा क्यू (ते तेव्हा काय वाजवतंय ते बारीक अक्षरात) छापा. पाव-स्वरांच्या खुणा पहिल्याच पानावर समजावून द्या. घुमटाला अचूक स्वर लिहू नका, दोन रेघांवर वरचा-खालचा एवढंच लिहा; हवा बदलली की कातडं ताणतं किंवा सैलावतं आणि सूर सरकतो. टेप (वादकांसोबत वाजणारं ध्वनिमुद्रण) असेल तर फाइल आणि कम्प्युटरचं साउंड कार्ड दोन्ही 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर आहेत ना ते पाहा. 44.1 ची फाइल 48 वर चालली तर भरभर पळते आणि जवळजवळ दीड सेमीटोन चढते. वादक बिचारे स्वतःलाच बेसूर समजतात.

हे सगळं निघण्याआधी घरीच तपासता येतं. पणजी-मडगावच्या बाजूला चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेलं कुणी ना कुणी भेटतंच. त्याच्यासमोर पार्ट ठेवा आणि तोंडातून शब्द काढू नका. तो जिथे थांबेल, तिथे परदेशातला वादकही थांबेल.

तालमीच्या कोर्सची अडचण तारखांची. जूनसाठी पार्ट साधारण वसंतातच मागतात, म्हणजे नेमके आपल्या परीक्षांच्या तोंडावर. जत्रेला तो जाच कमी. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं तरी चालेल: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा, आणि प्रवेशाचं पत्र आल्या दिवशीच अपॉइंटमेंट शोधायला बसावं.

दोन्ही जमण्यासारखे असतील तर आधी जत्रा, मग तालीम. एकच जमणार असेल तर, कुणाला पटो न पटो, मी तालीम म्हणेन. पिशवीत तयार रचना नसेल तर मात्र जत्राच बरी.

घुमट नेणार असाल तर बकरीच्या कातड्याचंच. घरातलं आजोबांचं घोरपडीचं असेल तर ते भिंतीवरच राहू दे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे, विमानतळावरच अडकाल. मातीचं भांडं सामानात टाकू नका, केबिनमध्ये मांडीवर घ्या. आणि दोन न्या.