‘खास तुमच्या मापाचा’ व्हीटीएक्स माउंट: पैसे देण्याआधी व्हर्नियर काढा

पार्सलमधून निघालेला तुकडा काळा, गुळगुळीत, दिसायला झकास. मागवला होता ड्रोनवरच्या व्हीटीएक्ससाठी (कॅमेऱ्याचं चित्र प्रक्षेपित करणारा छोटा बोर्ड) थ्रीडी प्रिंट केलेला माउंट, म्हणजे तो बोर्ड बसवायचा तुकडा. भोकं 25.5 बाय 25.5 मिमी अंतरावर, मटेरियल टीपीयू (रबरासारखं लवचीक प्लास्टिक), मागे एसएमए या आट्यांच्या कनेक्टरवर बसणाऱ्या अँटेनाची जागा. डिझाइनचे पैसे वेगळे, प्रिंटचे वेगळे, दोन्ही आगाऊ घेतलेले. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. पद्धत कळली की पुरे.

भोकांमधलं अंतर बरोबर 25.5 भरलं. (दोन भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरमध्ये धरायच्या आणि एका भोकाचा व्यास वजा करायचा.) पण भोकं निघाली 2.8 मिमीची. एम2 म्हणजे 2 मिमीच्या स्क्रूला संगणकावरच्या मॉडेलमध्ये 2.2 पुरतं; टीपीयूत भोक थोडं आकसतं म्हणून फार तर 2.4. एसएमएचं भोक 8.3. तिथे हवं होतं 6.5, कारण त्या कनेक्टरच्या आट्यांचा व्यास 6.35 असतो. आता 2.2 आणि 6.5 ला 1.275 ने गुणून पाहा. मग 20 ला गुणा. सगळे आकडे जुळतात! म्हणजे 20 बाय 20 ची फुकट मिळणारी फाइल स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी मॉडेल तयार करणारं सॉफ्टवेअर) टाकून 127.5 टक्क्यांवर ताणली, हेच ते ‘डिझाइन’. मिनिटभराचं काम.

एसएमएचा नट साधारण 8 मिमीचा. 8.3 च्या भोकावर तो जेमतेम कोपऱ्यांवर टेकतो. अँटेना डुलते आणि प्रत्येक आपटीचा झटका केबलमधून व्हीटीएक्सवरच्या यूएफएल या इवल्याशा, नुसत्या दाबून बसणाऱ्या कनेक्टरला बसतो. तो निसटला आणि व्हीटीएक्स अँटेनाविना चालू राहिला, तर आउटपुटची चिप जळू शकते. मग दोष व्हीटीएक्सला दिला जातो, माउंटकडे कुणी बघत नाही.

दुसरी लबाडी मटेरियलची. तुकडा पीएलएचा, म्हणजे प्रिंटिंगच्या नेहमीच्या कडक प्लास्टिकचा होता. वजनावरून हे कळत नाही, दोन्हींची घनता 1.2 च्या आसपासच. पातळ कड अंगठ्याने वाकवा: टीपीयू परत जागेवर येतं, पीएलए पांढरं पडतं नाहीतर कटकन मोडतं. भिंती जाड असतील तर 70 अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून वाकवा. गार झाल्यावर वाकडंच राहिलं तर पीएलए. टेबलावर, वाऱ्याविना चालू ठेवलेला व्हीटीएक्स 60 अंश सहज ओलांडतो, आणि पीएलए मऊ पडतं ते तिथेच.

यात विकणाऱ्याचं वाचतं काय? मटेरियल नाहीच. टीपीयू किलोला दोन हजार धरलं तरी सहा ग्रॅमच्या माउंटला बारा रुपये. वाचतो तो वेळ. टीपीयू सेकंदाला 20 ते 30 मिमी वेगानेच नीट निघतं, आधी 50-55 अंशांवर चार ते सहा तास वाळवावं लागतं, नाहीतर प्रिंटवर केसासारख्या तारा सुटतात. लांब नळीतून फिलामेंट ढकलणाऱ्या प्रिंटरमध्ये ते गुंडाळून अडकतं.

खरं डिझाइन करणारा आधी प्रश्न विचारून भंडावतो: भोकांचा पॅटर्न, कनेक्टरसकट बोर्डाची लांबी-रुंदी-जाडी, हीटसिंक कुठल्या बाजूला, ड्रोनच्या फ्रेमच्या स्टँडऑफमधलं (प्लेटींमधले छोटे खांब) अंतर आणि त्यांची जाडी, अँटेना कुठली. ज्याने फक्त व्हीटीएक्सचं मॉडेल विचारलं, तो फाइल शोधायला गेला असं समजा. डिझाइनचे पैसे देणार असाल तर प्रिंटआधी मापं लिहिलेलं चित्र आणि स्टेप फाइल (मापं बदलता येतील असं मूळ मॉडेल) मागा. नुसती एसटीएल, म्हणजे प्रिंटपुरती बाह्य आकाराची फाइल पुढे करणाऱ्याकडे मूळ रेखाटन बहुधा नसतंच. कार्बन फायबर मिसळलेलं फिलामेंट ‘जास्त मजबूत’ म्हणून गळ्यात मारत असतील तर अँटेनाजवळ नको, सिग्नल बिघडतो.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या, व्हर्नियरचं माप त्यातच दिसू द्या. ठरल्यापेक्षा वेगळा माल आला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, आणि तो फोन त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात करा. तेव्हा यूपीआयचा व्यवहार क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा.